परसातली वाट

४ फेब्रुवारी

नातीने जेवायच्या टेबलावर नकाशा पसरलाय. ताट ठेवायला जागा नाही! मांडीवर घेऊन जेवले.

स्टेशनभोवती नवी वस्ती करायची म्हणे. खाली दुकानं, वर घरं, शाळा, दवाखाना, सगळं स्टेशनपासून दहा मिनिटांत पायी. मोटार कुणाला लागूच नये. चार वर्षं कचेरीत ह्याच कागदावर मान मोडतेय पोर.

"आजी, बघ तर!"

बघितलं. कागदावरची माणसं फार सुखी. हातात पिशवी नाही, कडेवर मूल नाही, गुडघ्यांची तक्रार नाही. झाडं बटणासारखी गोल. म्हटलं, "ही माणसं लघवीला कुठे जातात गं?" आधी हसली. मग पेन्सिल घेऊन खरंच काहीतरी लिहिलं.

५ फेब्रुवारी

दोन पँटी आखूड केल्या, एक चेन बदलली. बाकी काही नाही.

९ फेब्रुवारी

दुपारी मशीनवरच डोळा लागला. नकाशात गेले होते!

सावल्या निळ्या, शाईच्या. जमीन पायाखाली कागदासारखी कुरकुरत होती. मी खालच्या दुकानात शिवत बसलेय, वर माझंच घर, दोरीवर माझीच चादर फुगलीय. गाडी आली, पण आवाज नाही. माणसं उतरली आणि चालत निघाली, कुणालाच घाई नाही. चालता चालता थोडी तरंगतही होती. बाकावर एक म्हातारा नुसता बसलेला. कुणी त्याला ऊठ म्हणत नव्हतं.

मग बघते तर सगळ्यांच्या पँटी लांब! पायात घोळतायत. सगळे वळले माझ्याच दुकानाकडे.

उठले ती हसतच. धंदा स्वप्नातही पाठ सोडत नाही मेला.

१२ फेब्रुवारी

घोळ झालाय. मोठा.

नकाशातला मुख्य पायरस्ता आमच्या परसातून जातो. आज साहेबांनी उतारा काढला, तर जागा खाजगी. आणि नाव कुणाचं? माझं! साहेब म्हणाले, "आजीची जागा सरकारच्या गळ्यात मारायला निघालात की काय?" पोर तिथेच पांढरी पडली असणार. घरी आली तीसुद्धा पांढरीच.

तिची चूक मला कळते. चालायला लागल्यापासून त्याच वाटेने पळालीय. शेजारची नर्स, गोदामाचा वॉचमन, शाळेची पोरं, सगळे आमच्या पुढच्या फाटकातून शिरतात आणि मागच्यातून स्टेशनला निघतात. जाताना कपडे टाकतात, येताना नेतात.

"मला तो रस्ताच वाटत होता गं आजी. कुणाचा असेल हे डोक्यातच नाही आलं."

आता वीस तारखेला चौकशी. ह्या नकाशाच्या कामावरून तर काढतीलच, नोकरीही जाईल म्हणाली. आणि ती वाट गेली तर लोकांना गोदामाच्या भिंतीला वळसा. मग दहा मिनिटं कसली! पलीकडची सगळी घरं नकाशातून गळणार.

१३ फेब्रुवारी

पोर जेवली नाही. म्हटलं, "उपाशी राहून रस्ता रुंद होतो का?" ताट सरकवून आत गेली. जीभ माझी!

१४ फेब्रुवारी

सकाळी दोन्ही फाटकांना कुलूप घातलं. माझी जागा ना? मग बघू तरी कशी दिसते.

नर्स ओरडली. "आजी, हे काय! माझी गाडी चुकली!"

"तुझी गाडी चुकली तर मी काय रूळ उचलले?"

दुपारी परसात खुर्ची टाकून बसले. पाऊल नाही, खोकला नाही, सायकलची घंटी नाही. ऊन नुसतं सांडलेलं. वाटेवरची माती एवढी गुळगुळीत झालीय हे आजच बघितलं. कुणीतरी रोज हात फिरवत असावं तशी. बघता बघता पापणी मिटली.

हे आले. जाऊन अकरा वर्षं झाली, आज आले. चपला हातात, फाटकाबाहेर उभे.

म्हटलं, "या की आत."

म्हणाले, "आत कुठलं? हा रस्ता आहे."

आणि कुलूपबंद फाटकातून सरळ चालत गेले, स्टेशनच्या बाजूला. मागे वळूनही बघितलं नाही. जिवंतपणी तरी कुठे बघायचे!

चहाच्या आधी कुलपं काढली.

१७ फेब्रुवारी

पोरीबरोबर गोदामाच्या वळशाने चालून आले. तिने घड्याळ लावलं होतं. तिच्या एकटीच्या पायांना पंचवीस मिनिटं लागतात. माझ्याबरोबर एक्केचाळीस. सावली नाही, टेकायला दगड नाही. शेवटी भिंतीलाच पाठ लावून उभी राहिले.

"तुमची दहा मिनिटं कुणाच्या पायांची गं?"

"साहेबांच्या," म्हणाली. पाच दिवसांत पहिल्यांदा हसली. मग हळूच, "चौकशीत लिहून देते आजी. चूक माझी म्हणून."

मी पदराने मान पुसली. बोलायला तर हवं होतं.

१९ फेब्रुवारी

तिला विचारलं, जागा फुकट देऊन टाकली तर?

"तरी चौकशी होणारच. नातीने आजीवर दबाव आणला म्हणतील. तिथे आधीपासून रस्ता होता, एवढंच मला वाचवू शकतं. आणि तसं कुठल्याच कागदावर नाही."

कुठल्याच कागदावर नाही.

पाच वेळा प्रयत्न केला, सुईत दोरा गेला नाही. मशीन झाकून ठेवलं.

२० फेब्रुवारी

कचेरीत जाऊन आले. साहेबांनी खुर्ची दिली. म्हटलं, लिहून घ्या. पोर चुकली नाही, रस्ता होता तिथेच तिने काढला. तिच्या जन्माआधी, भरदुपारी, सगळी गल्ली झोपलेली असताना आम्ही नवराबायकोने कुंपण आठ हात पुढे सरकवलं आणि रस्ता आत घेतला. एक टोक ह्यांनी धरलं, एक मी. लोकांनी बोंब मारू नये म्हणून फाटकं ठेवली. मोजणी झाली ती त्यानंतर, नवं कुंपण धरून. आणि लोक इतकी वर्षं मलाच म्हणतात, आजी, उपकार झाले!

हे मी ह्या वहीलाही कधी सांगितलं नव्हतं.

सही केली. येताना परसातूनच आलो. पोर दोन पावलं पुढे. मागे वळूनही बघितलं नाही.