आदर्श कॉलेजातलं माझं दोन खोल्यांचं घर

जवळा बाजार,
१४ फेब्रुवारी १९७५

आदरणीय उत्तमसिंगभाऊ,

घरातल्या सगळ्या थोरामोठ्यांना रामराम, लहानांना आशीर्वाद. तुमच्या कंबरेचं कसं काय? वहिनी म्हणतात तसा एरंडाच्या पानांचा शेक घ्या (घेत नसालच, बहिणीसारखेच, आमच्या नीलासारखेच हट्टी तुम्ही). आमची खुशाली मात्र विचारू नका. आमचं कॉलेज सुखी ठरलं आणि मी बुडालो.

झालं असं, की कोणत्या कॉलेजात नोकरी करणं सुखाचं आहे ते पाहून प्रशस्तिपत्र द्यायचं, असं विद्यापीठाने ठरवलं आणि तीन साहेबांची समिती निघाली. आमचं कॉलेज म्हणजे कापसाचं जुनं गोदाम. बाजाराच्या दिवशी अडत्याचा माल आला, की इतिहासाचा तास बाभळीखाली. तरी प्राचार्य किशनरावांनी जळबा मंडपवाल्याच्या खुर्च्या आणून एका दुपारात स्टाफरूम उभी केली. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर जळबाचं नाव रंगवलेलं. अध्यक्षांनी विचारलं, हे जळबा कोण? प्राचार्य म्हणाले, आमचे थोर देणगीदार. (प्रशस्तिपत्रात जळबाचं नाव आहे, प्राचार्यांचं नाही.)

खरा घात फॉर्मांनी केला. प्रत्येक नोकरदाराने आपलं सुखदुःख लिहून द्यायचं होतं. प्राचार्यांनी मला बोलावलं, "रूपसिंग, ह्या प्राध्यापकांचा भरोसा न्हाई, खरं लिहून बसतील. तुमीच भरा समदे." मी पडलो हेडक्लार्क. एकोणीस जणांचं सुख तीन प्रकारच्या शाईत, दोन्ही हातांनी लिहून काढलं. शेवटचा फॉर्म माझा. 'राहण्याची सोय' या रकान्यापाशी आलो आणि भाऊ, मला काय झालं कोणास ठाऊक. दोन खोल्या लिहिल्या. मग नळ लिहिला. अंगणात कडुलिंब, लिंबाला लेकराचा झोका, नीलाला शिकवायला शंभर पावलांवर शाळा. लिहिता लिहिता मी त्या घरात राहायलाच गेलो. (राहतो कुठे? काट्याच्या खोलीत, कापूस तोलायच्या तराजूशेजारी, तीन बाकं जोडून.)

समितीला ते घर पाहायचं होतं, पण जेवणात पुरणपोळी होती आणि शेवटची गाडी साडेचारची. अध्यक्षांनी माझा फॉर्म मोठ्याने वाचून डोळे पुसले, आणि तो माझ्या नावासकट वर्तमानपत्रात छापून आला. नीलाच्या जवळ यावं म्हणून मी हिंगोलीच्या एका कॉलेजात अर्ज केला होता, तो लगेच परत आला. असं घर सोडून येणारा माणूस भरवशाचा नसतो म्हणे. मागच्या खेपेला कनेरगावी गेलो तर लेकरू मला पाहून नीलाच्या पदराआड लपलं. फार जिवाला लागलं हो, भाऊ.

आपला,
रूपसिंग (समाधानी कर्मचारी)

ता. क. खरं काम राहिलंच. ते वर्तमानपत्र नीलाने वाचलं. कनेरगाव नाक्याच्या शाळेचा राजीनामा लिहून, लेकरू नि ट्रंक घेऊन ती रविवारी निघते आहे. घर पाहून इथूनच राजीनामा पोस्टात टाकणार. तिच्या चिठ्ठीत एवढंच आहे, "येवढं घर हाय तर मला काहून सांगितलं न्हाई?" तिला गाडी तुमच्या हिंगोलीला बदलावी लागते. स्टँडवर गाठा, सगळं खरं सांगा आणि परत पाठवा. माझ्याने सांगवत नाही. (पोस्टाने हे वेळेत पोचायचं नाही, म्हणून कंडक्टर नरसिंग यांच्या हाती देतो आहे.)

ता. क. दुसरा : परत पाठवू नका. राजीनामा तेवढा ट्रंकेतून काढून ठेवा आणि दोघांना गाडीत बसवून द्या. घराचं खोटं मीच तिला समोर सांगतो. रागवायचं ते इथे येऊन रागवू द्या, तेवढेच दोन दिवस सोबत राहणं होईल.