पाच जणांत एक खाकी चड्डी

मुक्काम मुळशी,
रविवार, ता. १२ मार्च १९६१

सावळ्यास बहिरूचा रामराम.

आम्ही सगळे इकडे बरे आहोत, तूही तिकडे बराच असशील असं धरून चाललोय. आठ वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. धरणाच्या भिंतीजवळच्या जांभळीखाली बसून लिहितोय. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, कागदाच्या कोपऱ्यावर दगड. ओळ वाकडी आली तर दगडाला बोल.

तुझा पत्ता तुझ्या बहिणीनं, सोनीनं दिला. माणगावकडं कोळशाच्या भट्ट्यांवर आहेस म्हणाली. तिचा धाकटा आता चालायला लागला. मला बघितलं की झोपडीमागं पळतो आणि तिथून खडे मारतो. नेम तुझ्यासारखाच आहे.

मी कुठं होतो विचारशील. पेणच्या मिठागरात होतो, मग लोणावळ्याला, मग भोरच्या बाजूला एका लाकडाच्या वखारीत. कुठंच वर्ष काढलं नाही. एका गावी ओढ्याकाठी पांगारा असा फुलला होता, की कामाला जाताना मी रोज त्याच्याखाली थोडा बसायचो. थोड्याचं फार झालं आणि वखारवाल्यानं मला पांगाऱ्याकडंच धाडून दिलं. आमचा बाप म्हणतो, "तुज्या पायात भवरा हाय." माझ्या मते तो डोळ्यात आहे. पाय बिचारे डोळ्यामागं जातात.

आता परत आलोय आणि, हसू नकोस, विद्यार्थी झालोय. आपले गुरुजी अजून आमच्या वाडीच्या शाळेतच आहेत. केस पांढरे झाले, पण खडूनं माखलेली बोटं तीच. त्यांनी मला धरून बसवलं. सतरा वर्षं पुरी झाली की शाळेत न जाताही सातवीच्या परीक्षेला बसता येतं म्हणे. म्हणून रोज सकाळी व्याज आणि नद्या पाठ करतो. नद्या पाठ होतात. व्याजाच्या वेळी मी खिडकीतून बाहेर बघतो.

परवा बाजाराला गेलो होतो. वेशीवर नवी पाटी लागलीय. 'लंगोटी लावून बाजारात फिरण्यास मनाई आहे. अंगभर कपडे घालून यावे.' तुमच्या वाडीतला म्हातारा कुशाबा मधाचं मडकं घेऊन तिच्याखाली उभा होता, कमरेला हातभर फडकं.

"काय लिवलंय रं?" त्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"आसं व्हय? मंग ती पाटी ज्याला वाचाया येतंय त्याच्यासाठी. मला कुटं येतंय?"

आणि म्हातारा निघाला आत. पहाऱ्याच्या माणसानं अडवला, तर तिथंच वेशीवर बूड टेकून बसला. थोड्या वेळानं बाजारच बाहेर आला. शेठाण्या आल्या, चहावाला आला. मडकं रिकामं झाल्यावर कुशाबा पहारेकऱ्याला म्हणतो, "मदाला इचारलं न्हाई व्हय तुमी, कापडं घातल्यात का म्हणून?"

मी लई हसलो. मग वाटेत चालता चालता हसू कुठं गेलं कळलं नाही. मला तू आठवलास.

मला विचारशील तर या पाटीचं आणि परीक्षेचं एकच गोत्र आहे. दोघी दारातच माणसाला विचारतात, तू कसा दिसतोस? परीक्षेत पृथ्वी गोल कशावरून ते विचारतात. ओढ्यात वांब मासळी कुठल्या दगडाखाली बसते ते विचारत नाहीत. विचारलं असतं तर तुमच्या वाडीचा पहिला नंबर कुणी काढून घेतला नसता. आणि कपडे अंग झाकायला असतात असं आपण समजतो, पण कुणाचं अंग दिसलं की कुणाला लाज वाटते, हे

होडी आली. बघून येतो.

सोमवार, ता. १३

काल होडी बघायला गेलो तो आलोच नाही. होडीचं निमित्त होतं. पुढची ओळ लिहायची नव्हती, म्हणून उठलो. आज लिहितो.

तुला ती चौथीची परीक्षा आठवते. न आठवायला काय झालं. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येणार, एकेकाला आत बोलावून तोंडी विचारणार, आणि आधी त्यांचा कागद आला, की लंगोटी लावलेल्या मुलाची परीक्षा घेतली जाणार नाही. आपण पोरं पाच, आणि पाचही लंगोटीवाले. गुरुजी रात्रभर डोकं धरून बसले असतील. मग त्यांनी धरणाच्या भिंतीवरच्या जयसिंग चौकीदाराची जुनी खाकी पँट मागून आणली आणि हातानं एक चड्डी शिवली. स्वतःच्या धोतराचा सदरा केला. पाच जणांत एक जोड. एकानं पुढच्या दारानं आत जायचं, उत्तरं द्यायची, बाहेर येऊन शाळेमागं करवंदीच्या जाळीत कपडे उतरवायचे आणि पुढच्याला द्यायचे. साहेबाला चारही वेळा तीच चड्डी दिसली असेल, पण त्यानं नाडीकडं बघितलं, पोराकडं नाही.

चौथा नंबर माझा, पाचवा तुझा. तू जाळीत उकिडवा बसून पाढे म्हणत होतास. आपल्यात सगळ्यात हुशार तू. मला जोडाक्षरं गुरुजींनी नाही, तू शिकवलीस, वाळूत काडीनं.

साहेबानं मला विचारलं, "धरणाचा उपयोग काय?"

मी म्हणालो, "आमचं घर हाय त्याच्या खाली."

"मी उपयोग विचारला."

"वीज."

"पास. पुढचा."

मी बाहेर आलो. समोर पाणी होतं. त्या साली पाणी फार खाली गेलं होतं आणि चिखलातून दगडांची एक ओळ वर आली होती. माझा बाप पोर असताना तिथं आमचं घर होतं. तो नेहमी सांगायचा, उंबऱ्यावर सूर्य कोरलाय. साहेबाला मी चूक उत्तर दिलं का बरोबर, ते मला बघायचं होतं. नुसतं बघून यायचं होतं, सावळ्या. पाय निघाले. भेगाळलेल्या चिखलात एक शिंपला सापडला, पुढं एक फुटकं जातं, पुढं तुळशीवृंदावनाचा चौथरा. आणि मग उंबरा. त्यावर खरंच सूर्य होता. मी त्याच्यावर बसलो. आजूबाजूला भिंती नव्हत्या, तरी मला घरात बसल्यासारखं वाटलं. कुणीतरी आतून हाक मारील आणि जेवायला वाढील असं. ऊन कलेपर्यंत मी तिथंच होतो.

तुझी चड्डी घालून.

म्हणजे साहेबाच्या शिपायानं मला पडवीत अडकवून ठेवलं होतं, हे मी दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं ते खोटं. शिपायानं मला हातसुद्धा लावला नव्हता. मला लाज वाटली म्हणून पहिलं तोंडात आलं ते बोललो. तू खरं मानलंस आणि त्याच्या सायकलवर धोंडा घातलास. दिवा फुटला. मग गुरुजींनी किती हात जोडले तरी तुझं नाव पटावरून गेलं. मी तिथं उभा होतो. तोंड उघडलं नाही.

तीनदा तुझं नाव पुकारलं, असं गुरुजींनी मला आत्ता सांगितलं. तिसऱ्या वेळी तू लंगोटीवरच दारात येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "हजर हाय." साहेबानं तुझ्याकडं बघत बघत वहीत लिहिलं, गैरहजर. गुरुजी एवढं सांगून उठले. मग फळा पुसत राहिले, फळा कोरा असताना.

माझी अजून एक चूक. ती चड्डी मी कधीच परत दिली नाही. पुढं तिची पिशवी केली, मिठागरात, वखारीत, सगळीकडं तीच खांद्याला. या पत्राचे कागदही तिच्यातच होते. आता तिची चड्डी होणार नाही, नाहीतर पाठवली असती.

आता कामाचं. तुमच्या वाडीवर शाळा निघतेय. एकच मास्तर, सातवी पास पाहिजे. गुरुजी मला म्हणाले, "बहिरू, ही जागा तुझी." मी वाडीवर जाऊन आलो. पोरं माझी भाषा ऐकून हसली आणि झाडावर चढली. तुमच्या बोलीतलं त्यांचं बोलणं मला निम्मं कळत नाही. मी पांगाऱ्याखाली बसणारा माणूस, पंधरा दिवसांत मीही झाडावर दिसेन. ती पोरं तुझी आहेत. गुरुजींना मी सगळं खरं सांगितलं, आधी त्यांना, मग तुला. ते म्हणाले, "परीक्षेचे दोन अर्ज आण." एक माझा भरलाय. दुसऱ्यावर तुझं नाव घातलंय, सही राहिलीय. पंचवीस तारखेच्या आत तू यायला पाहिजेस.

तू येशील का नाही मला ठाऊक नाही. येऊन माझ्या तोंडात मारशील तरी चालेल, पण आधी सही कर. अभ्यासाचं भय धरू नकोस, व्याज सोडलं तर मी सांगेन, आणि व्याज तू मला सांग. आणि कपड्यांचं म्हणशील, तर धोतर नेस, पँट घाल, नाहीतर लंगोटीवर ये. कुणी दारात अडवलं तर मीही अंगावरचं उतरवून तुझ्या शेजारी उभा राहीन. मग लिहू देत दोघांनाही गैरहजर.

पाणी उतरायला लागलंय. दगडांची ओळ दिसायला अजून महिना आहे. या खेपेला मी एकटा जाणार नाही. तू शेवटचा पेपर देऊन बाहेर ये, मग दोघं जाऊ, तुला तो सूर्य दाखवतो. तोवर मी शाळेच्या मागच्या बाजूला आहे.

अर्ज मी गुरुजींच्या पेटीत ठेवलेत. वरचा तुझा आहे, खालचा माझा.

आता तुझ्या मागच्या नंबराचा,
बहिरू