अर्धं सफरचंद

प्रिय मामा,

सोनाराच्या दुकानात चोरी करताना तू अर्धं सफरचंद खाऊन तिथेच टाकलंस. ते नेमकं आमच्या प्रयोगशाळेत आलं. त्यावरच्या लाळेचा डीएनए बराचसा माझ्याशीच जुळला, तेव्हा साहेब उखडले, "नमुन्यावर शिंकलीस का?" नव्या यंत्राने बारकाईने वाचल्यावर म्हणाले, "हा तुझ्या आईकडचा कुणी पुरुष आहे."

आईला भाऊ एकच. मी मान खाली घालून तुझा पत्ता दिला.

आई मात्र ठाम आहे, "तो एक वेळ चोरी करेल, पण फळ खाणार नाही!"

हे पत्र मिळालं तर तू पळशील, म्हणून पाठवत नाही. पोलीस निघालेत. आई तुझ्यासाठी स्वेटर शोधतेय. कोठडीत गारठा असतो म्हणे.

नात्याने आणि आता पुराव्यानेही तुझी,
भाची