मंगळवारची गुप्त सेवा

१ फेब्रुवारी, शनिवार
अखेर आमच्या फ्रीमेसन बंधूंच्या लॉजला, म्हणजे शाखेला, माझी किंमत कळली. सभा संपल्यावर मास्टरांनी, म्हणजे लॉजच्या प्रमुखांनी, मला बाजूला घेतलं. एरवी त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, पण गळ्यात पदाचा पट्टा चढला की आवाजच बदलतो. म्हणाले, एका बंधूंचा पाय मोडलाय. रिटायर्ड डेंटिस्ट, बायको गेलेली, तिसऱ्या मजल्यावर एकटेच. दर मंगळवारी चार वाजता जाऊन सोबत करायची. अट एकच. आम्हा फ्रीमेसन मंडळींत सेवा गुप्त असते, कोण कुणाची करतो याचा बोभाटा नाही. मी म्हटलं, तोंडाला कुलूप.

घरी आल्यावर हिला सांगितलं की माझ्यावर एक कामगिरी सोपवलीय, पण ती मी सांगू शकत नाही. तिने विचारलं नाही. जेवताना पुन्हा सांगितलं. तरी नाही. माणसांना कुतूहलच उरलेलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
संकल्प: धीर देणे, मोजकं बोलणे, त्यांच्याकडे काही न खाणे.

बंधुभावावरचं पाठ केलेलं भाषण हातवाऱ्यांसकट केलं. डॉक्टर मध्येच झोपले. धीर आला की झोप लागतेच. जागे झाल्यावर प्लास्टरचा पाय ओढत चहा करायला निघाले. मी खुर्चीतून कडाडून विरोध केला. चहा उत्तम. बिस्किटंही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज सूप मीच करणार, असं जाहीर केलं. पातेलं जळलं. त्यांचा गॅस जरा मोठाच चालतो. शेवटी त्यांनी टोस्ट केले. खाताना त्यांनी सहज म्हणून मला विचारलं, रिटायर झाल्यापासून दिवस कसा जातो. मी म्हटलं, मजेत. मग ओघातच माझी हकीकत निघाली. सगळा जन्म विम्याच्या ऑफिसात घालवला आणि निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी त्या पोरसवदा साहेबाने माझं टेबल हलवून तिथे पाण्याचं मशीन ठेवलं! सांगून होईतो साडेसहा वाजले. आजाऱ्याचं लक्ष पायावरून उडवायचं तर असं काहीतरी सांगावंच लागतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
मागच्या खेपेचं लिहायचं राहिलं. सेवेने थकवा येतो.

आज पत्ते. सगळे डाव मी जिंकलो. त्यांचा फोन सारखा वाजत होता. मुलगी, मित्र, जुने पेशंट. प्रत्येकाला सांगत होते, आज मंगळवार आहे, उद्या बोलू. इतका एकटा माणूस मी पाहिला नाही.

ही हल्ली मंगळवारी दुपारी गुणगुणत असते. का म्हणून विचारलं, तर नुसती हसली.

११ मार्च, मंगळवार
सर्दी, अंगात कणकण. तरीही गेलो. याला म्हणतात निष्ठा. त्यांनी मला स्वतःच्या पलंगावर झोपवलं, वाफ दिली, पांघरूण घातलं आणि आपण खुर्चीत बसून राहिले. छान झोप झाली. पेशंटची प्रगती समाधानकारक.

१८ मार्च, मंगळवार
प्लास्टर निघालं! माझ्या सेवेचं फळ. घरी येऊन मास्टरांना फोन केला, आता कामगिरी संपली का? विचारताना आवाज कातर झाला. सर्दी अजून गेलेली नाही. ते घाईघाईने म्हणाले, छे छे, अजून गरज आहे. ऐकून बरं वाटलं. डॉक्टरांसाठी.

५ एप्रिल, शनिवार
सभेत मास्टर सेवेविषयी बोलणार, ही कुणकुण आधीच लागली होती. सभेत बांधायच्या एप्रनला कडक इस्त्री, हातमोजे नवे कोरे. मास्टर उभे राहिले. म्हणाले, नाव घेणार नाही, पण आपल्यातला एक बंधू दर मंगळवारी दुसऱ्या बंधूला जीव लावतोय. मी नम्रपणे अर्धा उठलो. मास्टर रंगात आले होते. म्हणाले, तेही स्वतःचा पाय प्लास्टरमध्ये असताना! आणि जीभ चावली.

मी अर्धा उठलेलाच. खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय धडधाकट होते. सगळे बंधू छताकडे बघत होते. डॉक्टर हातमोज्यांची बटणं लावत होते, ती लावलेलीच होती.

घरी हिला विचारलं. आढेवेढे न घेता म्हणाली, मीच गेले होते मास्टरांच्या चष्म्याच्या दुकानात. तुम्ही सकाळपासून खिडकीशी बसायचात, हाक मारली तर ओ द्यायचा नाहीत, मला भीती वाटायला लागली होती. एवढं बोलून रडली.

बसायचो हे खरं. कुणाशी बोलावंसंच वाटत नव्हतं. ते या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार, सकाळी
जाणार नाही. आपल्याला कुणाची दया नको.

दुपारी तीन
जाणार नाहीच. फक्त शर्ट बदललाय.

संध्याकाळी
गेलो. यापुढे येणार नाही, हे सांगायला. त्यांनी दार उघडलं आणि सांगायचं ते राहूनच गेलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, डॉक्टर, तुमचं कसं चाललंय? इतक्या मंगळवारांत हे मी पहिल्यांदाच विचारत होतो. विचारून झाल्यावर ध्यानात आलं, आणि लाज वाटली. त्यांनी मला खुर्ची पुढे ओढून दिली. मग बोलायला लागले. बायकोबद्दल, तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल, तिची औषधं अजून कपाटातून काढवत नाहीत त्याबद्दल. अंधार पडला तरी बोलतच होते. मला मध्ये एक शब्द घालायला मिळाला नाही. घरी आलो तो तसाच आडवा झालो. सेवा इतकी अवघड असते, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.