स्प्रिंग तुटू नये म्हणून

३ नोव्हेंबर
नागपूरहून परतलो. मास्टर ट्रेनर झालो! बंद पडलेलं हृदय बाहेरून छाती दाबून कसं चालवायचं, याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग. सगळं पुतळ्यावर शिकवतात. दुसऱ्या दिवशी जेवणात पुरणपोळी होती, त्यामुळे दुपारच्या सेशनला जरा डोळा लागला. महत्त्वाचं सगळं सकाळीच झालं असणार. सर्टिफिकेट सर्वांना सारखंच मिळालं.
पांढुर्णा जिल्हा झाला, पण जिल्ह्यात हृदयाचा जाणकार कोण? सौसरात राहतो तो. हेमराज, म्हणजे मीच.

५ नोव्हेंबर
आमच्या पॅरामेडिकल संस्थेत पुतळा आला. संचालक श्रीधरजींनी नारळ फोडला, हळद-कुंकू वाहिलं, हार घातला. पुतळ्याला कंबरेखाली काही नाही. घरी वंदनाला फोटो दाखवला. बायको आहे, दोन शब्द कौतुकाचे बोलेल असं वाटलं होतं. म्हणाली, असा अर्धा माणूस घरी आहेच एक. दुर्लक्ष केलं.
श्रीधरजींची ताकीद : पुतळा तुमच्या जबाबदारीवर. तुटला तर दुसरा येणार नाही. त्याच्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही, असं मग मीच सुचवलं. घरचा सोफा तसाच टिकलाय आमचा.

६ नोव्हेंबर, सकाळी
एकट्याने प्रॅक्टिस केली. जोरात दाबलं की पुतळ्याच्या पोटातून 'टक' असा आवाज येतो. घाम फुटला. आतली स्प्रिंग तुटायला आलीय, दुसरं काय! नागपूरला फोन करून विचारणार होतो. पण मास्टर ट्रेनरनेच विचारायचं म्हणजे शोभत नाही.
नियम ठरवला. टक व्हायच्या आत हात मागे.

१० नोव्हेंबर
पहिली बॅच. माझ्या थोरल्या भावाची मुलगी चंचल हिनेही नाव घातलंय. आल्या आल्या दोन्ही हातांनी टक, टक, टक! जीव वरखाली झाला माझा. म्हटलं, कणीक तिंबून राहिली का गं? तर सगळ्यांसमोर म्हणते, काकाजी, इतक्या हळू दाबून माणसाले काय होईन? उलट बोलायची सवय, बापावर गेलीय. मी शांतपणे सांगितलं, माणूस पुतळ्यापेक्षाही नाजूक असतो. वाक्य छान जमलं. बोर्डवर लिहून ठेवलं.
शेवटी मुकाट्याने हळू दाबायला लागली. पास केलं.

१६ नोव्हेंबर
मोहगावला दादाकडे गेलो. संत्र्याचा तोडा चालू आहे. दादाने एक क्रेट उचलला आणि खालीच बसला. छाती भरून येते म्हणाला. मनकर्णावहिनी माझ्यावरच घसरल्या. भाऊजी, तुम्हीच सांगा यायले, नागपूरले दाखवा म्हणून राहिली, आयकतच नाहीत. दादा म्हणे, तोडा होऊ दे, मंग जातो.
मी म्हटलं, वहिनी, घाबरता कशाला? घरात दोन ट्रेंड माणसं आहेत, मी आणि चंचल. दादा एवढा खूश झाला! पाठीवर थाप मारली. बाबा गेल्यावर स्वतः शाळा सोडून यानेच मला शिकवलं. त्याचं चीज झालं म्हणायचं.
संकल्प : तोडा संपला की दादाला मी स्वतः नागपूरला नेणार. नक्की.

२४ नोव्हेंबर, सकाळी
आज पांढुर्ण्यात माझा सत्कार. शाल, श्रीफळ. भाषण पाठ आहे. बोर्डवरचं वाक्य शेवटी घेणार, टाळ्या तिथेच पडतील.

२७ नोव्हेंबर
दादा गेला.
स्टेजवर बसलो होतो. फोन आला. दादा अंगणात क्रेटपाशी पडला, श्वास नाही. चंचल छाती दाबत होती आणि वहिनींनी फोन धरला होता. मी अजिबात घाबरलो नाही, सगळं नीट सांगितलं. मध्येच चंचल ओरडली, काकाजी, कटकन आवाज आला! मी म्हटलं, थांब, थांब! हळू कर. आवाज यायला नको. तिने हळू केलं. गाडी येईपर्यंत ती हळूच दाबत होती.
झटका मोठा होता. देव आला असता तरी काही झालं नसतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतोय. सगळे मान हलवतात. वहिनी हलवत नाहीत.
शाल कोणीतरी घरी आणून दिली. माझा दादा गेला हो.

९ डिसेंबर
तेरवी झाली. चंचल आज क्लासला आली. तिनेही हिंमत सोडायला नको, म्हणून मी समजावलं की तू सगळं शिकवल्याप्रमाणेच केलंस. हो म्हणाली.

१५ डिसेंबर
नागपूरहून रश्मी मॅडम तपासणीला आल्या. आधी पुतळ्याचं प्लास्टिक फाडलं. मग दाबायला लागल्या. टक, टक, टक. मी धावलो, मॅडम, स्प्रिंग! त्या हसल्या. म्हणाल्या, सर, हा आवाज येण्यासाठीच तर पुतळा बनवलाय. टक झालं म्हणजे बरोबर दाबलं. नाही झालं तर रक्त मेंदूपर्यंत जातच नाही. ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हेच तर घेतलं होतं.
मग पोरांकडे वळून म्हणाल्या, खऱ्या माणसाची बरगडी कटकन मोडली तरी थांबायचं नाही. बरगडी जुळते.
चंचल पहिल्या बाकावर होती. माझ्याकडे बघेल म्हणून मी आधीच खिडकीबाहेर बघायला लागलो. पण तिने पाहिलंच नाही. मॅडमनी विचारलं, कोण करून दाखवतं? ती उठली.

१६ डिसेंबर, दुपारी
सुट्टी झाली, पोरं घरी गेली. चंचल गेली नाही. भिंतीपलीकडून आवाज येतोय. टक, टक, टक. सकाळपासून तेच. जेवून घे म्हणायला दारापर्यंत गेलो आणि परत आलो.
तपासणीच्या अहवालाला उत्तर लिहायचंय. सध्या एवढंच लिहिलं : पुतळा उत्तम स्थितीत आहे. खरंच आहे ते. इतक्या जोरात दाबून राहिली पोरगी, पण स्प्रिंग काही तुटली नाही.