पमीला न्यायला

२ एप्रिल, बुधवार

पोचले एकदाची! आधी जेद्दा, मग जिझान, मग बोट. बोटीला तिकीट नाही. सरकारची बोट, मोटारीसुद्धा पोटात घेते! मी कठड्याशी उभी. समुद्र इतका निळा की डोळे मिटले तरी आत निळंच. उदय म्हणाला, आई, आत बस, एसी आहे. म्हटलं, एसी मुंबईच्या विमानतळापासून खातेय, आता वारा खाऊ दे.

बेटाचं नाव फरासान. देवगडहून निघताना शेजारच्या शालनला सांगितलं तर म्हणते, ‘फरसाण? मग येताना अर्धा किलो आण गो!’ कोंबड्या तिच्याकडे ठेवल्यात. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीला उठवू नको म्हणून तीनदा सांगितलंय, पण ती ऐकेल तर शपथ.

धक्क्यावर सून आणि पमी. पमी सात वर्षांची. खरं नाव पद्मिनी, पुढचे दोन दात गायब. मला बघून आधी मंजुषाच्या मागे लपली, मग म्हणाली, ‘आज्जी, यू आर सो स्मॉल!’ उदयने अर्थ सांगितला. म्हटलं, खरं आहे बाय, सुकत चाललेय.

पंचवीस तारखेला परत. आणि परतताना पमी माझ्याबरोबर! इथे आपली शाळा नाही, म्हणून उदय फोनवर म्हणाला, आई, तिला तुझ्याकडे दुसरीत घालू. मी गुरुजींना नाव सांगूनसुद्धा आले. हेच लिहायचं होतं खरं तर. बोटीबद्दलच लिहीत बसले इतकं.

३ एप्रिल

ही वही उदयच्या कारखान्यातली. जुनी, वर अरबी छापलंय. मी मागून सुरू केली की पुढून, देव जाणे. चौथीनंतर आईने भावंडं सांभाळायला घरी ठेवलं, तेव्हापासून वहीत वाण्याची यादीच काय ती लिहिली. अक्षर वाकडं येतं. येऊ दे, कोण वाचतंय!

उदय समुद्राचं पाणी गोड करतो. म्हणजे कारखाना करतो, उदय यंत्रांच्या चक्र्या बघतो. मोठमोठ्या नळ्या, घूं घूं आवाज. एक नळी खारं घेते, दुसरी गोड देते. आमच्याकडे चैत्र लागला की विहीर मचूळ, चहासुद्धा खारट. त्याने पेला भरून दिला. डोळे मिटून प्यायले. माझ्या मुलाने समुद्र गोड केला! शालनला हे सांगितलं तर म्हणेल, पुरे तुझं.

५ एप्रिल

मंजुषा कमी बोलते. हात मात्र सारखे चालू. पमीची बॅग भरतेय. काल फ्रॉक भरले, आज सगळे काढले, पुन्हा घड्या घातल्या. म्हटलं, अगं अजून वीस दिवस आहेत. ‘हो आई,’ म्हणाली. फ्रॉक परत कपाटात.

६ एप्रिल

रामनवमी. भाजीच्या टोपलीचा पाळणा केला. शेजारची जोहरा आली. दाभोळची आहे, नवरा कादिर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. सुंठवडा दोनदा मागून घेतला. ‘मावशी, ह्यो घशाला बरा लागता. माझी आवस ईदला शेवयांत सुंठ घालायची!’ आईच्या आठवणी काढून ती गेल्यावरही घरात दाभोळ राहिलं थोडा वेळ.

११ एप्रिल, शुक्रवार

आज सुट्टी. उदयने जुन्या गावात नेलं. आता कोणी राहत नाही तिथे. पोवळ्याच्या दगडाची घरं, झावळ्यांची छपरं, मधून बोळ. माड नाहीत, खजुरी, पण लांबून डोळ्यांना कळत नाही. एका बोळात मी वळले आणि वाटलं, आता आमच्या गावातल्या रघूकाकाचं घर येणार. आलं नाही.

उदय म्हणाला, आई, दोन हजार वर्षांपूर्वी इथे रोमन शिपाई राहायचे.

‘रोम कुठे आलं?’

‘इटलीत. समुद्रावर पहारा द्यायला इतक्या लांब पाठवले होते. त्यांच्या पलटणीचं नाव कोरलेला दगड सापडलाय इथे बेटावर.’ फोनमध्ये फोटो दाखवला. अक्षरं सरळ, ठळक, गुरुजींच्या फळ्यावरच्यासारखी.

मी विचारलं, ‘त्यांचा कफील कोण?’

उदय इतका हसला की खाली बसला! इथे कामाला आलेल्या प्रत्येकाचा कफील असतो, त्याच्या सहीशिवाय हलता येत नाही, एवढं मला नऊ दिवसांत कळलंय. ‘राजाच कफील त्यांचा,’ म्हणाला. ‘रजा किती मिळायची?’ म्हटलं. तेव्हा हसायचा थांबला. ‘माहीत नाही आई. कदाचित नसेल मिळत.’

विहिरीजवळ सावलीत बसले. वारा गरम, पण मऊ. डोळा लागला असावा. एक शिपाई दिसला, उघडा, पाणी ओढतोय. रहाट नाही, नुसता दोर. पाठीवर उन्हाने सालं निघालेली. मी म्हटलं, अरे, खोबरेल लाव. त्याने मान वर केली, काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण विचारण्याचा सूर कळला. घरी कसं आहे, असंच काहीतरी. मी सांगणार तोच पमीने हलवलं. ‘आज्जी, तू झोपेत बोलतेस!’

येताना गाडीत वाटत राहिलं, दगडावर पलटणीचं नाव कोरलं, कोणाच्या आईचं नाही. दगड कठीण असतो, मान्य. पण एक ओळ!

१४ एप्रिल, सोमवार

काय दिवस गेला!

इथे वर्षातून एकदा, चैत्रात, हरीद नावाचा मासा थव्याने काठाशी येतो. पोपटासारखी चोच, अंग हिरवं-निळं. कधी येणार ते इथले म्हातारे वासावरून ओळखतात. समुद्राला एक वास सुटतो म्हणे. काल संध्याकाळी आम्ही सगळे किनाऱ्यावर. पमी एकदम नाक वर करून उभी. ‘बाबा! स्मेल!’ मला काही येईना. आणि मी समुद्रावर जन्मलेली! मग आला. ओला, गोडसर, नारळ फोडून विसरला तर येतो तसा. पलीकडचा दाढीवाला अरब म्हातारा पमीकडे बघून हसला, डोक्यावर हात ठेवला. पमी त्याच्याशी अरबीत बोलली. मी बघतच राहिले.

सकाळी गाव लोटलं. मासा उथळ पाण्यात, भोवती जाळी, आणि सगळे काठावर रांगेत. हाक येईपर्यंत कोणी पाय बुडवायचा नाही. मग हाक आली आणि सगळे धावले! मुलं, बाप्ये, टोप्या, चपला, सगळं पाण्यात. मी कासोटा घट्ट केला आणि मीही! मागून जोहरा ओरडतेय, ‘मावशी, लुगडा सुटला तर माझ्या अबायात बांधून आणूचा लागंल तुमास!’ कादिर म्हणतो, ‘अगं त्यांस नको सांगू, त्या देवगडच्या, तू सांभाळ!’

दोन मासे पकडले. एक पदरात. दुसरा सुटला, माझ्या तोंडावर शेपूट मारून.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. पाण्यात मंजुषा दिसली. कमरेपर्यंत भिजलेली, पमी कडेवर. एवढी घोडी कडेवर! दोघींनी मिळून एक मासा धरलेला, आणि मंजुषा हसत होती. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. लग्नाला दहा वर्षं झाली, मी तिचा आवाज इतका वर गेलेला ऐकला नव्हता. दोघींची डोकी एकमेकींना चिकटलेली, केस एकात एक. कुठे एक संपते कळेना.

रात्री हरीदचं तिखलं केलं. त्या कालवणाला लागणारी तिरफळं मी गावाहून आणली होतीच.

१७ एप्रिल

शालनचा फोन. खुडूक कोंबडीला उठवली तिने. नऊ अंडी वाया. बोलणार नाही तिच्याशी. अर्धा तास बोलले.

२० एप्रिल

पमीला म्हटलं, आपल्याकडे गेलीस की तुला करवंदं दाखवीन. म्हणाली, ‘मम्माला पण पाठव हं, कुरिअरने.’ बॅग पुन्हा भरलेली. आज झिप लावलेली दिसली.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी घावन घालत होते. पमी ओट्यावर बसलेली, पहिला घावन तिचा. म्हणते, ‘आज्जी, तुझ्या घरी मी रोज तुझ्या समोर बसून जेवायचं ना? बाबा म्हणाले, दॅट इज माय जॉब.’

म्हटलं, तुझा जॉब शाळेत जायचं!

‘शाळा तर आहे माझी. कंप्युटरवर. दुसरीची पुस्तकं पण आली होती. पण तू एकटी जेवतेस आणि तुला जेवण जात नाही, म्हणून मी यायचं. बाबांनी सांगितलं. मम्मा बोलली, ओके.’

घावन करपला.

तेव्हापासून बसलेय. दर रविवारी फोनवर मी उदयला काय सांगायचे? काय सांगू बाबा, भिंतींशी बोलते, एकटीला घास उतरत नाही. आणि तेव्हा मागे पडवीत शालन आणि भजनाच्या बायका खिदळत बसलेल्या, मी हाताने त्यांना गप्प करतेय! कधी कधी तोंडात घास असायचा. पण आमच्यात बरं चाललंय म्हणत नाहीत. नजर लागते. माझी आई सुरमई खाऊन उठायची आणि शेजारणीला सांगायची, पेज प्यायले. शेजारीणही म्हणायची, मीही. दोघींना दोघींचं माहीत! बोलायची रीत आहे ती.

उदय अठरा वर्षं बाहेर. रीत विसरला. शब्द तेवढे खरे धरले. आणि स्वतःचं पोर काढून मला द्यायला निघाला, आणि सून ओके म्हणून फ्रॉकांच्या घड्या घालतेय. माझ्यासाठी! अरे देवा.

आणि मी गुरुजींकडे नाव घालून आले. पमीची खाट कुठे लावायची तेसुद्धा ठरवलं होतं. खिडकीखाली.

२३ एप्रिल

उदयला समोर बसवला. म्हटलं, बाबा, मी मजेत आहे. पोटभर जेवते, पोटभर हसते. मला सोबत नको, पोर तिच्या आईपाशी राहू दे. जन्मात पहिल्यांदा असं बोलले. मजेत आहे, हे खरं होतं. सोबत नको, हे खोटं. या खेपेलाही त्याने शब्द तेवढे खरे धरले. मंजुषाने मात्र माझ्याकडे बघितलं आणि पायांवर डोकं ठेवलं.