बांधाला कोण?

मुकुंदवाडी,
शनिवार

प्रिय हनुमान,

हे पत्र वकीलबाईंच्या हाती देते आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते. मागच्या भेटीत जाळीपलीकडून तू जे बोललास ते आबांना ऐकू गेलं नाही. त्यांचा तो कान गेला तो गेलाच. मला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला. "आक्का, शिवराजचा एक हात ऱ्हायलाय. भायेर आलो की त्यो बी ठेवत नाय." एवढं बोललास आणि वर हसलास. सोमवारी तुला सोडणार आहेत. जामिनाची बातमी आली तेव्हा मायने गल्लीत गूळ वाटला, मला तो खाववला नाही. भेटीच्या दिवशी हर्सूलच्या जेलहून परतताना रिक्षात तिने विचारलं, "काय म्हनलं गं लेकरू?" मी म्हटलं, जेवण बरं आहे म्हणाला. आक्काला खोटं बोलता येत नाही, असं तू सगळ्यांना सांगत फिरायचास ना? बघ, यायला लागलं.

आता तुला बातमी सांगते. आपलं 'वाघर' पुन्हा चालू झालं आहे. शिव्या देऊ नकोस, आधी वाच. तुला आठवतं, त्या ॲपचं पहिलं चित्र मी तुझ्याच बिस्किटाच्या खोक्यावर काढलं होतं? दिवसभर कंपनीत पॅकिंग करायचं आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या क्लासला जाऊन बसायचं. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, पहिलं ॲप छोटं करा, आणि आपल्या घरातली अडचण सोडवणारं करा. बाकीच्या मुली ब्युटी पार्लर आणि केकच्या मागे लागल्या. आपल्या घरातली अडचण काय, तर शेतात मेंढरं बसवायला बोलावणाऱ्यांचे फोन. सगळ्यांना लेंडीखत हवं, सगळ्यांना आजच हवं, आणि आबा कोणालाच नाही म्हणायचे नाहीत. मग कुणाच्या शेतात मेंढरांभोवती वाघरीची जाळी लागायची आणि कुणी रात्रभर वाट बघत बसायचा. मी ठरवलं, एकच पान करायचं. शेतकऱ्याने नाव टाकायचं, गट नंबर टाकायचा, दिवस निवडायचा, बटण दाबायचं. दिवस मोकळा असेल तर हिरवी खूण. बस, एवढंच.

एवढंच म्हणता म्हणता माझा जीव निघाला. बटण दाबलं की पान पांढरंफटक व्हायचं. एक कंस राहिला की सगळं आडवं. तू आपल्या मोबाईलचं नेट मला द्यायचास आणि वर म्हणायचास, "आक्का, आपली मेंढरं तर एका हाळीला येत्यात, तुजं बटन लई माजलंय." मॅडमनी सांगितलं होतं की ज्याला यातलं काहीच कळत नाही त्याला वापरायला द्या. म्हणून मी मायला बसवलं, तर तिने बटणावर अंगठा असा दाबून धरला जशी ती रेशन दुकानात धरते, आणि म्हणाली, उठला का ठसा? ज्या दिवशी लिंक पहिल्यांदा खरोखरची चालू झाली, त्या दिवशी तिला लॅपटॉपवरच नारळ फोडायचा होता. तू मध्ये पाय घातलास म्हणून लॅपटॉप वाचला. मेंढरंवाल्या पुंजाराम काकांनी ती लिंक गावोगावच्या ग्रुपवर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून हिरव्या खुणा पडायला लागल्या. आबा माझ्या मोबाईलमध्ये डोकावून म्हणायचे, पोरीनं रस्ता लावला. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता रे.

पुढचं तुला सांगायला नको, तू तिथेच होतास. तरी सांगते, कारण आतमध्ये तू ते रोज वेगळं करून आठवतोस असं मला वाटतं. पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्याला लागून तो गट. शिवराजचा बाप आणि सत्यमचा बाप सख्खे भाऊ, वाटणी तोंडी झालेली, कागदावर गट अजून एकच. आपल्याला जमीन नाही. सातबारा आपल्या घरात कुणी हातात धरलेला नाही. मला वाटलं, माणसाचा जसा आधार नंबर तसा वावराचा गट नंबर, एक नंबर एक धनी. सत्यमने आधी नोंद केली, मागून शिवराजने त्याच गटावर त्याच दिवसाची केली. ॲपला वाटलं, एकच माणूस दुसऱ्यांदा बटण दाबतोय. दोघांनाही हिरवी खूण गेली.

दिवस मावळायच्या आत आपण सत्यमच्या बाजूला वाघर लावली होती. मायने तीन दगड मांडून पिठलं ठेवलं होतं. शिवराज ट्रॅक्टर घेऊन बांध फोडूनच आला. मोबाईल आबांच्या तोंडासमोर नाचवत ओरडत होता, "हिरवं दिसतंय का नाय, म्हाताऱ्या? माज्या वावरात मेंढरं का नाय?" तिकडून सत्यम त्याचा मोबाईल घेऊन धावला. दोघांच्या हातात माझीच खूण. वर्षानुवर्षांचं बांधाचं भांडण त्यांना उकरून काढायला निमित्त हवंच होतं, ते मिळालं. शिवराजने विळ्याने वाघर फाडली. मेंढरं रस्त्यावर गेली आणि समोरून ट्रक आला. डांबरावर काय उरलं ते तू पाहिलंस, मीही पाहिलं. आपला मोत्या शिवराजच्या अंगावर गेला तर त्याने ट्रॅक्टरची लोखंडी टॉमी घेऊन मोत्याचं कंबरडंच मोडलं. कुत्रं पुढच्या दोन पायांवर सरपटत मायकडे येत होतं. आबा हात जोडून मध्ये गेले आणि टॉमीचा दुसरा तडाखा त्यांच्या कानावर बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. मग तू. बाभळी छाटायची कुऱ्हाड घेऊन आलास आणि त्याचा टॉमीचा हात मनगटापासून लोंबायला लागला. तू दुसऱ्यांदा उगारलीस तेव्हा मायने तुझ्या पायाला मिठी मारली होती. तिला ओढत तू दोन पावलं पुढे गेलास. हे तुला आठवतं का? तू सांगताना मायचं नाव कधीच घेत नाहीस.

दवाखान्यात त्याचा हात काढावा लागला. तुझ्यावर हाफ मर्डरचं कलम लागलं. त्याच्यावरही केस झाली, पण त्याला खाटेवरच जामीन मिळाला. मी ॲप बंद केलं आणि लॅपटॉप ट्रंकेत टाकला. मॅडम म्हणाल्या, चूक कुठे झाली ते सापडलं की अर्धं काम झालं. मी म्हटलं, मॅडम, माझा भाऊ हर्सूलला आहे, मला अर्ध्या कामाचं काही सांगू नका. तुला म्हणून सांगते, शिवराजच्या कडब्याच्या गंजीला काडी लावावी असं माझ्या इतक्यांदा मनात आलं की पर्समध्ये काडेपेटी ठेवायला लागले होते. राग काय तुझ्या एकट्याच्याच वाट्याला आलाय असं समजू नकोस. एकाच आईचं दूध प्यालोय आपण.

पण फोन थांबेनात. पुंजाराम काका एक दिवस खोलीवर आले आणि म्हणाले, "पोरी, तुजं ते परत चालू कर, न्हायतर कुनी तरी माजा बी कान फोडंल." मग ट्रंक उघडली. या वेळी गट नंबर काढूनच टाकला. त्याच्या जागी एक चौकट ठेवली आणि तिच्यावर लिहिलं, 'बांधाला कोण?' म्हणजे शेतकऱ्याने आधी आपल्या शेजारच्या बांधकऱ्याचं नाव आणि नंबर टाकायचा. बांधकऱ्याला मेसेज जातो. तो 'हरकत नाही' म्हणाला की मग आबांना किंवा काकांना विचारलं जातं, आणि ते हो म्हणाले तरच खूण हिरवी. मॅडम म्हणाल्या, शेजाऱ्याची परवानगी घेऊन कुणी बुकिंग करतं का, लोक चौकट बघून पळतील. लोक पळाले नाहीत. उलट जे भाऊ एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत ते बटण दाबून हरकत नाही म्हणायला लागले. समोरासमोर बोलायला तोंड वाकडं होतं, बटणाला तोंड लागत नाही. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत बरं का.

आणि मग एक नोंद आली. नाव आवडाबाई. बांधाला कोण, तर सत्यम. आवडाबाई म्हणजे शिवराजची आई. मी मोबाईल खाटेवर फेकला. तुला माहीत आहे, आपल्या माणसाचं रक्त सांडणाऱ्याच्या वावरात कुणी वाघर लावत नाही. काकांनी मेंढपाळांच्या सगळ्या वाड्यांना निरोप दिला होता, त्यामुळे वर्षभर त्या वावरात कुणाची लेंडी पडली नव्हती. मी आबांना न विचारताच 'नाही' दाबलं. तिने पुन्हा नोंद केली, मी पुन्हा 'नाही' दाबलं, आणि खरं सांगते, दाबताना फार बरं वाटलं. तिसऱ्यांदा नोंद आली तेव्हा खाली लिहिलं होतं, "पोराला एका हातानं व्हत नाय. वावर मेलं. या." त्याच्या खाली सत्यमचं 'हरकत नाही'. ज्याच्याशी बांधावरून एवढं रामायण झालं, त्यानेच हरकत नाही म्हटलं होतं. मी ते आबांच्या चांगल्या कानाशी मोठ्याने वाचून दाखवलं. वाटलं, आबा थुंकतील. आबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "टॉमी त्यानं हानली, कुऱ्हाड आपल्या पोरानं. वावरानं कुनाला हानलं गं?"

तर आता सांगते, हे पत्र कशासाठी लिहिलं ते. गुरुवारपासून आपली मेंढरं शिवराजच्या वावरात बसली आहेत. मी सुट्टी टाकून गेले होते. शिवराज आला, डाव्या हाताने वाघरीची खुंटी धरून उभा राहिला आणि आबांनी ती ठोकली. आबांचा दगड घसरला असता तर उरलेली बोटंही गेली असती. त्याने हात काढला नाही. मग आवडाबाईने भाकर आणि ठेचा आणला. आबांनी भाकर कपाळाला लावली आणि खाल्ली. मीही खाल्ली, मनात शिव्या देत देत खाल्ली. माय पाठ करून बसली होती. ज्या वावराची भाकर खाल्ली त्या वावराच्या माणसावर हात उचलायचा नाही, हे तुला मी सांगायला नको. हा नेम मोडला म्हणून तू चुलतभावाच्या थोबाडीत मारली होतीस. कोर्टाने तुला त्या गावात जायची बंदी घातली आहे, पण बंदीला तू जुमानणार नाहीस आणि नेमाला जुमानशील, हे मी ओळखून आहे. मात्र नेम खाणाऱ्याला बांधतो, आणि तू अजून खाल्लेली नाहीस. म्हणून त्यातली एक भाकर मी फडक्यात बांधून आणली आहे. सोमवारी मी आणि माय दाराशी उभ्या असू. तू बाहेर पाऊल टाकलंस की गळ्यात पडायच्या आधी मी ती तुझ्या हातात देईन. नको असेल तर तिथेच सांग, मग तू तुझ्या वाटेने जा, आम्हाला तोंड दाखवू नकोस. मायने तिची अर्धी मागून ठेवली आहे. म्हणते, हनुमान खाईल तर मी खाईन, त्याच्या आधी घास उतरत नाही. भाकर वाळली असेल. पाणी मी आणते.

तुझीच,
आक्का